एक हिशेब, अनेक हात: ग्राफ रिडक्शन आणि पुण्याचा ‘परम’



बाहेर रोवणीचे दिवस आहेत, तरी एवढे लोक सभागृहात आले, याचं आम्हाला बरं वाटलं. कन्हानकाठच्या या गावात संगणकाच्या इतिहासावर बोलायचं ठरलं, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारलं, ‘‘सर, तुमची पीएचडी तत्त्वज्ञानातली, तुम्ही संगणकावर काय बोलणार?’’ प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. पण आजच्या विषयाची सुरुवातच तर्कशास्त्रात आहे, आणि त्याचा शेवट (शेवट म्हणा किंवा आजचा मुक्काम म्हणा) तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. ऑनलाइन ऐकणाऱ्यांनी याआधीची व्याख्यानं ऐकली नसली तरी अडणार नाही. लागेल तेवढं इथेच सांगू.

रोवणीपासूनच सुरुवात करू. बांधीत चिखल तयार आहे, पऱ्ह्यांच्या जुड्या अंतराअंतरावर टाकून ठेवल्या आहेत, आणि दहा बाया ओळीनं रोवत चालल्या आहेत. कोणतं रोप आधी लावलं आणि कोणतं नंतर, यानं काही फरक पडतो का? पडत नाही. संध्याकाळी बांधी भरलेली दिसते. आता स्वयंपाकाचं बघा. आधी फोडणी, मग भाजी, मग पाणी. इथे क्रम बदलला तर पदार्थच बदलतो. म्हणजे जगात दोन प्रकारची कामं आहेत. काहींचं फळ क्रमावर अवलंबून असतं, काहींचं नसतं. संगणकाच्या कामाचं काय? तो स्वयंपाक आहे की रोवणी? आजचा विषय एवढाच आहे.

नेहमीची प्रोग्रॅमिंगची पद्धत स्वयंपाकासारखी आहे. हे कर, मग ते कर, हा आकडा इथे ठेव, तो पुसून दुसरा ठेव. फॉरट्रान, सी, जावा या सगळ्यांची मूळ वृत्ती हीच. १९७७ साली जॉन बॅकस यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. हे बॅकस म्हणजे फॉरट्रानचे जनक. त्यांनी पुरस्काराच्या व्याख्यानात काय केलं, तर आपणच रुळवलेल्या पद्धतीवर टीका केली! एका वेळी एक आकडा स्मृतीतून आणायचा, बदलायचा, परत ठेवायचा, या अरुंद वाटेतून प्रोग्रॅमिंग बाहेर पडलं पाहिजे आणि फंक्शन हा त्याचा पाया झाला पाहिजे, असं त्यांनी मांडलं.

फंक्शनल प्रोग्रॅममध्ये ‘मग हे कर’ नसतं. तिथे फक्त ‘हे म्हणजे ते’ असतं. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचं वाटेल. फ्रेगे यांचं प्रसिद्ध उदाहरण आहे: पहाटतारा आणि सांजतारा. दोन्ही नावं एकाच शुक्राची. ‘पहाटतारा ग्रह आहे’ या वाक्यात तुम्ही ‘सांजतारा’ घातलं तरी वाक्य खरंच राहतं. समान वस्तूच्या जागी समान वस्तू ठेवता येणं, याला क्वाइन यांच्या लेखनात ‘संदर्भ-पारदर्शकता’ असं नाव सापडतं, आणि क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी ती कल्पना प्रोग्रॅमिंगच्या चर्चेत आणली. ज्या भाषेत ही पारदर्शकता आहे, तिथे कोणत्याही पदाच्या जागी त्याची किंमत ठेवा, अर्थ बदलत नाही.

याला गणिती आधारही आहे. १९३६ साली अलोन्झो चर्च आणि बार्कली रॉसर यांनी एक प्रमेय सिद्ध केलं. लॅम्डा कॅल्क्युलसमधलं एखादं पद सोपं करत जाताना तुम्ही वेगवेगळे क्रम घेतलेत आणि दोन्ही वाटा पूर्णत्वाला पोचल्या, तर उत्तर एकच येईल. एखादी वाट कधीच संपणार नाही, असं होऊ शकतं. पण दोन वाटांनी दोन वेगळी उत्तरं, असं होणार नाही. मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. आजचं सगळं व्याख्यान याच्यावर उभं आहे. क्रमानं उत्तर बदलत नसेल, तर दहा हातांनी एकाच वेळी काम करायला हरकत काय?

आता ‘ग्राफ’ कुठून आला ते बघू. समजा दोन शेतकऱ्यांचा धानाचा हिशेब करायचा आहे. भाव म्हणजे मूळ दर अधिक बोनस. सोपे आकडे घेऊ: २००० अधिक ३००. एकाचं धान २० क्विंटल, दुसऱ्याचं १२. एकूण रक्कम म्हणजे भाव गुणिले २०, अधिक भाव गुणिले १२. नुसतं शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेलात, तर ‘२००० अधिक ३००’ दोनदा लिहाल आणि दोनदा कराल. बेरीज लहान आहे म्हणून चालून जातं. पण तिथे तासभराचं काम असतं तर? आणि दोनऐवजी दोनशे शेतकरी असते तर?

शहाणा माणूस काय करतो? भाव एकदाच काढतो, फळ्यावर लिहितो आणि सगळ्यांना सांगतो, ‘तिकडे बघा.’ ग्राफ रिडक्शन म्हणजे हेच. हिशेबाची ओळ लिहिण्याऐवजी त्याचं जाळं काढायचं. ‘भाव’ ही एकच गाठ, आणि तिच्याकडे दोन बाण. ती गाठ सोडवली की तिच्या जागीच २३०० लिहायचं. ज्यांचे ज्यांचे बाण तिकडे आहेत, त्यांना उत्तर आपोआप मिळतं. मग ४६,००० आणि २७,६००, आणि शेवटी ७३,६००. जाळं लहान होत होत एका आकड्यावर येतं, म्हणून ‘रिडक्शन’. क्रिस्टोफर वॉड्सवर्थ यांनी १९७१ साली ऑक्सफर्डच्या प्रबंधात ही कल्पना मांडली. ते स्ट्रेची यांच्याच गटातले.

पण कल्पना आणि चालणारं यंत्र यांत अंतर असतं. १९७९ साली डेव्हिड टर्नर यांनी ते बरंच कमी केलं. त्यासाठी त्यांनी कोणती जुनी गोष्ट उकरून काढली? मोझेस शोनफिंकेल नावाच्या तर्कशास्त्रज्ञाचा १९२४ सालचा लेख! चल-अक्षरं न वापरता, काही मोजक्या मूळ क्रियांमधून सगळा तर्क उभा करता येतो, असं त्यात दाखवलं होतं. टर्नर यांनी प्रोग्रॅमचं रूपांतर त्या मोजक्या क्रियांच्या जाळ्यात केलं आणि ते जाळं यंत्राकडून सोडवून घेतलं. तर्कशास्त्राचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना आम्ही हे उदाहरण देत आलो आहोत. पंचावन्न वर्षं थांबावं लागलं, एवढंच. पुढे १९८४ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधून थॉमस जॉन्सन यांचं जी-मशीन आलं आणि जाळं सोडवण्याचं काम बरंच वेगवान झालं.

इथवर एकच माणूस काम करतोय. आता दहा माणसं आणू. ‘भाव गुणिले २०’ एकाला, ‘भाव गुणिले १२’ दुसऱ्याला. पहिल्याला भाव लागतो, म्हणून तो फळ्याकडे जातो. भाव अजून काढलेला नाही, तर तोच काढायला बसतो, पण आधी फळ्यावर खूण करतो: ‘काम चालू आहे’. दुसरा आला की त्याला खूण दिसते. तो तीच बेरीज पुन्हा करत बसत नाही. आपलं नाव तिथे लिहून दुसऱ्या कामाला लागतो, आणि उत्तर आलं की त्याला निरोप जातो. बघा, एवढ्या साध्या नियमावर अख्खं समांतर यंत्र उभं राहू शकतं. कोणी मुकादम नाही, वेळापत्रक नाही. जाळंच सांगतं की कोणाला कोणाची गरज आहे.

१९८० च्या दशकात या स्वप्नामागे बरेच लोक लागले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात जॉन डार्लिंग्टन आणि माइक रीव्ह यांनी ‘ॲलिस’ या यंत्राची कल्पना १९८१ मध्ये मांडली, आणि पुढे त्याचा नमुना ट्रान्सप्युटर नावाच्या चिपवर उभारला गेला. लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात सायमन पेटन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रिप’ बांधलं. त्यात मोटोरोलाचे प्रोसेसर होते, आणि जाळं सांभाळणारी स्मृती स्वतःच थोडी हुशार केली होती.

हा ट्रान्सप्युटर आपल्याला पुण्याला नेणार आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची ही चिप. वैशिष्ट्य काय, तर चिपलाच चार दुवे. शेजारच्या चार चिपांना थेट जोडा, त्यांना आणखी चार, आणि हवं तेवढं मोठं यंत्र बांधा.

त्याच काळात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी महासंगणक हवा होता. अमेरिकेनं क्रे कंपनीचं एक्स-एमपी यंत्र दिलं, पण त्याहून प्रगत यंत्र देण्यास नकार दिला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. ध्येय स्पष्ट होतं: तीन वर्षांत स्वदेशी समांतर महासंगणक. नेतृत्व होतं डॉ. विजय भटकर यांच्याकडे. ते आपल्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, आणि त्यांची अभियांत्रिकीची पदवी नागपूरची, तेव्हाच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाची, ज्याला आज आपण व्हीएनआयटी म्हणतो. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. ६४ प्रोसेसर, आणि प्रोसेसर कोणता? इनमॉसचा टी-८०० ट्रान्सप्युटर.

आता तारखा जुळवून बघा. त्याच १९९१ साली ह्यू किंग्डन, डेव्हिड लेस्टर आणि जेफ्री बर्न यांचा ‘एचडीजी मशीन’वरचा लेख इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. विषय: ट्रान्सप्युटरांच्या जाळ्यावर ग्राफ रिडक्शन. म्हणजे वर्ष तेच, चिपचं घराणं तेच, आणि पैजा मात्र दोन.

पुण्याची पैज अशी: काम कसं वाटायचं ते प्रोग्रॅम लिहिणारा माणूस ठरवेल. हवेचा नकाशा ६४ तुकड्यांत कापायचा, प्रत्येक प्रोसेसरला एक तुकडा द्यायचा, आणि कडेचे आकडे शेजाऱ्याला कधी पाठवायचे हे माणसानं लिहायचं. दुसरी पैज अशी: माणसानं फक्त ‘काय’ ते सांगावं. वाटणी यंत्र करेल.

पुण्याची पैज चुकली का? मुळीच नाही. तीन वर्षांची मुदत होती. शास्त्रज्ञांचे प्रोग्रॅम आधीच फॉरट्रानमध्ये लिहिलेले होते. ते सगळे फेकून नव्या भाषेत लिहा, असं कोणत्या तोंडानं सांगणार? ‘परम’ चालला, त्याची पुढची पिढी आली, परदेशातही यंत्रं गेली. दुसऱ्या पैजेचं काय झालं? खरं सांगायचं तर, ती जशी लावली होती तशी हरली.

का हरली, ते समजून घेणं महत्त्वाचं आहे. पहिलं कारण, कामाचा आकार. ‘२००० अधिक ३००’ एवढी बेरीज शेजाऱ्याला सांगायला जो वेळ लागतो, तेवढ्यात आपण ती करून मोकळे होतो. जाळ्यात अशा चिमुकल्या गाठी लाखोंनी असतात. दुसरं कारण, अंतर. फळा एक आणि माणसं शंभर असली की फळ्यापाशी गर्दी होते, आणि फळे वाटून ठेवले तर निरोपांची ये-जा वाढते. रोवणीत जुड्या आधीच हाताशी टाकून ठेवाव्या लागतात, नाहीतर बाया रोवण्यापेक्षा चालतच जास्त राहतील. तिसरं कारण गमतीचं आहे. या भाषांपैकी अनेक ‘आळशी’ आहेत, म्हणजे गरज पडल्याशिवाय काहीच काढायचं नाही. गुण चांगला, पण आळशी माणूस आगाऊ काम करत नाही, आणि आगाऊ काम केल्याशिवाय दहा हात कामाला लागत नाहीत. कोणती गोष्ट नक्की लागणारच आहे, हे आधी शोधून काढावं लागतं. ॲलन मायक्रॉफ्ट यांनी १९८० च्या सुमारास त्याचं शास्त्र सुरू केलं, पण त्यानं सगळं सुटलं नाही. आणि चौथं कारण बाजाराचं. साधे प्रोसेसर दर वर्षी इतके वेगवान होत होते, की खास यंत्र बांधून होईपर्यंत दुकानातलं यंत्र त्याला गाठत असे.

मग आम्ही हरलेल्या पैजेची गोष्ट का सांगतोय? कारण हरताना तिनं एक गोष्ट वेगळी काढून दाखवली, जी आधी मिसळलेली होती.

माणसानं निरोप हातानं लिहिले, की त्याच्या चुका दोन प्रकारच्या होतात. एक, यंत्र हळू चालतं. दुसरी, उत्तर चुकतं, किंवा दोघं एकमेकांच्या निरोपाची वाट बघत कायमचे थांबतात. दुसरी चूक फार वाईट, कारण ती कधी होते, कधी होत नाही. एक साधं उदाहरण घ्या. संगणकातल्या दशांश संख्यांची बेरीज करताना प्रत्येक पायरीला शेवटचे अंक कापले जातात, म्हणून बेरजेची मांडणी बदलली की उत्तराचे शेवटचे अंक बदलतात. आता ६४ प्रोसेसरांचे आकडे ‘ज्याचा निरोप आधी पोचेल तो आधी’ असे मिळवले, तर आजची बेरीज आणि उद्याची बेरीज तंतोतंत जुळेलच असं नाही. हवामानाच्या गणितात असा बारीक फरक पुढच्या दिवसांत वाढत जातो, हे एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्येच दाखवलं होतं. काळजीपूर्वक लिहिलं तर हे टाळता येतं. पण ती काळजी माणसानं घ्यायची असते.

जाळ्याच्या पद्धतीत कोण कोणाशी मिळवायचं हे जाळ्यातच ठरलेलं असतं. काम चार हातांनी करा, चारशे हातांनी करा, आधी उजवीकडची गाठ सोडवा की डावीकडची, उत्तर शेवटच्या अंकापर्यंत तेच. वाटणी वाईट झाली तर वेळ जाईल. खोटं उत्तर येणार नाही. आमच्या मते या सगळ्या प्रयत्नाची खरी कमाई ही आहे: उत्तराचा खरेपणा एका बाजूला, कामाची व्यवस्था दुसऱ्या बाजूला, आणि एकीच्या चुकीचा डाग दुसऱ्याला लागत नाही.

पुढे काय झालं? मधली वाट निघाली. १९९० मध्ये हॅस्केल भाषेचा पहिला अहवाल आला. तिच्या समितीत आयआयटी कानपूरचे पदवीधर ऋषियूर निखिलही होते. ‘ग्रिप’वाले पेटन जोन्स ग्लासगोला गेले, आणि तिथून हॅस्केलचा जो कंपायलर वाढला, त्याच्यात ‘पार’ नावाची एक छोटी खूण आली. ‘पार’ लिहिलं की प्रोग्रॅमर एवढंच म्हणतो: ‘हे बाजूनं करून ठेवलंत तर बरं.’ यंत्र त्याची नोंद घेतं. तिला ‘स्पार्क’ म्हणतात, ठिणगी. हात रिकामा असेल तर ठिणगी पेटते, नसेल तर विझू दिली जाते. दोन्ही प्रकारे उत्तर तेच. मंडळी, हा सल्ला आहे, आज्ञा नव्हे. आज्ञा चुकली तर काम बिघडतं. सल्ला वाईट निघाला तर फार तर उशीर होतो. पैज सुरू झाली तेव्हा वाटत होतं की सगळं यंत्रच करेल. आता माणूस सुचवतो, यंत्र ठरवतं, आणि अर्थाला दोघांपैकी कोणीच हात लावत नाही.

२००५ च्या आसपास प्रोसेसरांची घोडदौड थांबली. एका चिपचा वेग वाढेना, म्हणून एकाच चिपवर दोन, चार, आठ गाभे बसवायला सुरुवात झाली. जे पूर्वी ‘परम’पुरतं होतं, ते घराघरांत आलं, आणि विझत आलेला प्रश्न पुन्हा पेटला. हॅस्केलची ती जुनी जाळं सोडवणारी यंत्रणा याच सुमारास बहुगाभ्यांच्या यंत्रांवर नीट चालू लागली. महाराष्ट्रातही या जाळ्यावर काम झालं आहे. आळशी भाषेत सोडवलेल्या, न सोडवलेल्या गाठी स्मृतीत साठत जातात. त्यांतल्या कोणत्या पुढे खरंच लागणार आणि कोणत्या टाकून द्यायच्या, यावर पवईच्या आयआयटी मुंबईत अमिताभ सन्याल, अमेय करकरे आणि सहकाऱ्यांनी संशोधन केलं.

व्याख्यानाआधी इथल्याच एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानं आम्हाला विचारलं, ‘‘सर, नोकरी पायथॉन आणि जावावर मिळते. मग हे शिकून काय करायचं?’’ बाळ, नोकरीसाठी जे लागतं ते शिकच. पण प्रोग्रॅम लिहिताना स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लाव: या दोन ओळींचा क्रम मी उलटा केला, तर उत्तर बदलेल का? बदलत असेल, तर का बदलतं? तो क्रम त्या कामातच आहे, की केवळ माझ्या लिहिण्याच्या सवयीत? जिथे तो नुसता सवयीचा आहे, तिथे तू उद्याच्या आठ हातांपैकी सात विनाकारण बांधून ठेवतोयस. आणि जिथे तो खरा आहे, तिथे तो स्पष्ट लिही, म्हणजे तुझ्यानंतर तो प्रोग्रॅम वाचणाऱ्याला कळेल.

आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना सांगत असू, की युक्तिवाद मांडताना ‘आधी’ आणि ‘म्हणून’ या दोन शब्दांत गल्लत करू नका. एक गोष्ट दुसरीच्या आधी येते, म्हणून ती तिचं कारण होत नाही. संगणकाच्या इतिहासात हीच गल्लत निस्तरायला पन्नास-साठ वर्षं गेली, आणि ते काम अजून संपलेलं नाही.

आता थांबतो. पुढच्या व्याख्यानात डेटाफ्लो यंत्रांकडे वळू, म्हणजे एमआयटीमध्ये अरविंद यांच्या गटानं याच प्रश्नाचं जे दुसरं उत्तर शोधलं, त्याच्याकडे.  कोणाचे प्रश्न असतील तर आम्ही इथेच बसलो आहोत.